चुकांची वही

मामाकडे एक वही होती. निळ्या पुठ्ठ्याची, शर्टाच्या खिशात मावेल एवढी. तिच्यात तो स्वतःच्या चुका लिहायचा. माणसं साधारणपणे दुसऱ्याच्या चुका ध्यानात ठेवतात आणि आपल्या सोयीने विसरतात. मामाने हा व्यवहार उलटा चालवला होता, आणि अशा माणसाशी संसार करणं किती कंटाळवाणं असतं ते मामीलाच ठाऊक. "आमच्याकडे भाजी खारट झाली तरी हा तारीख टाकेल," असं ती म्हणायची.

वहीतली मांडणी सोपी होती. डावीकडे तारीख आणि हॉल, उजवीकडे आकडा. आकडा म्हणजे त्या कार्यक्रमात हात किती वेळा चुकला. सुई जरा उशिरा पडली, एक. ठोका पुढे धावला, एक. तबकडी मागे ओढताना बोट सरकलं आणि नको तो आवाज आला, एक. ऐकणाऱ्या चार हजारांतल्या चौघांनाही ते कळलं नसतं. मामाला कळायचं, आणि तेवढं पुरे होतं.

मामा हिपहॉपचा डीजे. पुढे रॅपर, मागे उंच चौथऱ्यावर दोन टर्नटेबल, त्यांच्या मधोमध मिक्सर आणि त्यामागे मामा. एकोणतीस वर्षं हेच, गावोगाव. मामा हे काही त्याचं पोस्टरवरचं नाव नव्हतं. पोस्टरवर त्याचं नाव गेली नऊ वर्षं नव्हतंच. पण पुढे उभा राहणारा रॅपर हा त्याच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. तो मामा म्हणायचा, म्हणून नाचणाऱ्या चौघी मुली म्हणायच्या, म्हणून बसचा ड्रायव्हरही म्हणायचा, जो मामापेक्षा सात वर्षांनी मोठा होता. सख्खा भाचा एक, आणि मामा म्हणणारे अकरा.

भाच्याला घडवला मामानेच. अकरा वर्षांचा असताना तो शाळेतून आला की मामाच्या पलंगावर मांडी घालून बसायचा आणि मामा त्याला ठोके मोजायला लावायचा. "चारला बोलायचं. तीनला तोंड उघडलंस तर खोलीबाहेर." आता भाचा तीस वर्षांचा होता. तीनला, चारला, वाटेल तेव्हा तोंड उघडायचा आणि चार हजार माणसं त्याच्या मागून बोलायची. मामाला याचं वाईट वाटत नसे. निदान वहीत तशी नोंद नाही.

वाईट वाटलं ते मागच्या वर्षी. एका मोठ्या मैदानावर भाचा नव्या गाण्याची पहिली ओळ घेणार, तेवढ्यात मामाने तबकडी सोडली ती चार ठोके उशिरा. भाचा एका वाटेला, संगीत दुसऱ्या. वीस हजार लोकांसमोर भाच्याने हात वर करून सगळं थांबवलं, हसला आणि माईकवर म्हणाला, "मामा जरा जास्त जेवून आलाय." लोक हसले. कुणीतरी ते फोनवर टिपलं, आणि पुढचे दोन महिने ते जगभर फिरलं. एकोणतीस वर्षांच्या दौऱ्यांत मामा एवढा कधी फिरला नव्हता. त्या दिवशी वहीतला आकडा होता अकरा.

मग मामा हट्टाला पेटला. हॉटेलच्या प्रत्येक खोलीत सकाळी दोन तास, फोनवर तालाची टकटक लावून, छोट्या टर्नटेबलवर सराव. मामीला फोनवर मागची टकटक ऐकू यायची.

"सुतारकाम चाललंय का?"

"हात घासतोय."

"मग इकडे ये, भांडी पडलीत."

आणि हात सुधारला. वहीच सांगत होती. सात. पाच. पाच. तीन. पुढच्या गावी एक. मग शून्य, आणि त्याखाली शून्य, आणि त्याखाली शून्य. एकवीस कार्यक्रम, एकवीस शून्यं. त्याच्या बरोबरीने सुरुवात केलेल्यांपैकी एक आता हेडफोन विकत होता, एक जाहिरातींना आवाज जोडत होता आणि एक तर मधमाश्या पाळत होता. मामा एकोणपन्नासाव्या वर्षी जन्मात वाजवला नव्हता तेवढा साफ वाजवत होता. बसमध्ये तो डाव्या रांगेतल्या खिडकीशी बसायचा. खिडकी आवडते म्हणून, असं सांगायचा. खरं म्हणजे तिथे बसलं की उजवा कान माणसांकडे राहायचा. डावा जरा जड झाला होता. पण एकवीस शून्यं समोर असताना कानाचं कोण मनावर घेतं.

म्हणून पुढच्या दौऱ्याचा करार आला तेव्हा मामा ताठ मानेने गेला. तीन वर्षांचा करार होता. तीन वर्षांनी मामा बावन्न वर्षांचा झाला असता, आणि बावन्नाव्या वर्षी उभ्याने तबकडी घासणारा माणूस त्याने स्वतः आजवर पाहिला नव्हता. तो त्याला व्हायचं होतं. बाकी काही नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी, हॉलच्या मागच्या खोलीत, सगळ्या दौऱ्याचा कारभार बघणाऱ्या बाई कागद पसरून बसल्या होत्या. खोलीत एक टेबल, एक जास्तीचा पंखा आणि भिंतीवर आग लागल्यास कुठे पळायचं त्याचा नकाशा.

"बसा मामा. सही इथे आणि इथे."

"सही करतोच. आधी हे बघा."

बाईंनी वही उलटीपालटी केली. "काय आहे हे?"

"चुका."

"कुठे आहेत?"

"तेच तर." मामाने पान उलटून शून्यांवर बोट ठेवलं. "एकवीस. आता माझं म्हणणं असं, की माझा एकट्याचा भाग आहे तीन मिनिटांचा. तो सहा करा. नवीन तुकडा बसवलाय मी, तयार आहे. आणि पोस्टरवर नाव. बारीक अक्षरात चालेल. खाली, छापखान्याच्या पत्त्याच्या वर कुठेतरी."

बाईंनी वही मिटली आणि दोन्ही हातांनी परत केली. "मामा, आहे ते छान चाललंय. लोकांना तेच हवंय."

"लोकांना काय हवंय ते एकोणतीस वर्षं बघतोय मी."

"करारातही तसं कलम आहे. ठरल्या कार्यक्रमात काही बदलायचं नाही."

"सगळ्यांच्या करारात, की माझ्याच?"

बाई पेन शोधू लागल्या. पेन त्यांच्या हातातच होतं. "तुमच्या," त्या म्हणाल्या.

मामाने याचा अर्थ आपल्याला हवा तसा लावला. घडी बसलेल्या गोष्टीला कुणी हात लावू नये म्हणून कलम घातलंय, म्हणजे घडी बसली आहे हे लेखी मान्य झालं. तो मनातून फुलला. "संध्याकाळी करतो सही," तो उठत म्हणाला. "भाच्याला नवा तुकडा ऐकवतो. ऐकला की तो स्वतःच कलम खोडेल."

बाईंनी त्याला थांबवायला तोंड उघडलं होतं. पण मामा वळला होता, आणि बाई त्याच्या डाव्या बाजूला होत्या.

तीन वाजता हॉलमध्ये आवाजाची चाचणी होती. रिकामा हॉल म्हणजे उपाशी प्राणी असतो. जे टाकाल ते गिळून वर ढेकर देतो. लांब टोकाला, खुर्च्यांच्या रांगांमागे, साउंडवाला आपल्या बटणांच्या फळीशी बसला होता. अकरा वर्षं मामाबरोबर फिरलेला, अबोल, पोट सुटलेला माणूस. मंचावर चौघी मुली पाय ताणत होत्या. भाचा एका खोक्यावर बसून सफरचंद खात होता.

मामाने सुईवरची धूळ ब्रशने काढली. नवी तबकडी कोऱ्या कागदी पाकिटातून काढली. आवाज जिथे सुरू होतो तिथे त्याने पांढऱ्या कागदाची चिकटपट्टी लावली होती, सगळे लावतात तशी. तुकडा होता दाराचा. एका जुन्या तबकडीवर दार करकरण्याचा आवाज होता, नाटकवाल्यांसाठी काढलेला. तो आवाज चिरून, उलटा फिरवून, ठोक्यावर बसवून मामाने चार महिन्यांत त्याचं गाणं केलं होतं. जुना, सगळ्यांना पाठ असलेला तुकडा ट्रम्पेटचा होता. पाच वर्षं तोच.

हेडफोन डाव्या कानावर अडकवून मामाने साउंडवाल्याला हात केला. "माझा भाग." लांबून अंगठा वर झाला.

मामाने दार उघडलं. ट्रम्पेट वाजला.

तबकडी चुकली असं वाटून त्याने खाली पाहिलं. पांढरी पट्टी होती. दाराचीच तबकडी. त्याने हात मागे ओढला आणि ट्रम्पेट जिथे ओढला जायचा तिथेच, एक ठोका नंतर, ओढला गेला. त्याने हात थांबवला. ट्रम्पेट थांबला नाही. उसळला, कापला गेला, परत जोडला गेला, कुठेही खोट नाही. मामाने दोन्ही हात उचलून हवेत धरले, पोलिसांनी पकडल्यासारखे. ट्रम्पेट आपला वाजतच होता, मामाचाच हात, मामाशिवाय.

त्याने सगळ्यांकडे पाहिलं. एक मुलगी बांधलेली नाडी पुन्हा बांधत होती. दुसरी छताकडे बघत होती. भाच्याचं सफरचंद तोंडाशी थांबलं होतं. कुणी दचकलं नव्हतं. तेवढ्यावरून मामाला सगळं कळलं.

मग साउंडवाल्याने आवाज बंद केला.

मामा चौथऱ्यावरून उतरला आणि खुर्च्यांमधून चालत मागच्या टोकाला गेला. बत्तीस रांगा होत्या. साउंडवाला उभा राहिला. तो कुणासाठी उभा राहत नसे.

"कधीपासून?"

"मैदानानंतर." साउंडवाल्याने मान खाली घातली. "एकदम नाही केलं, मामा. दर गावाला एकदोन गाणी. तुमच्या एका चांगल्या दिवसाचं रेकॉर्डिंग होतं. तेच सोडतो. तुमच्या पायाशी जो स्पीकर आहे त्यातही तेच पाठवतो."

सात, पाच, पाच, तीन, एक. मामाने मनातल्या मनात वही उघडली. तो आकडा हात सुधारल्याचा नव्हताच. जी गाणी अजून खरोखर त्याच्या हातात उरली होती, तेवढ्यांतल्याच चुकांचा तो होता.

"पण हेडफोनमध्ये खरं येत असेल ना. माझं."

"येतं. तुम्ही तो डाव्या कानावर लावता."

या कानाचं त्या कानाला कळू देऊ नये म्हणतात. मामाच्या कानांनी ते अक्षरशः पाळलं होतं.

"किती जणांना माहीत आहे?"

"ड्रायव्हरला नाही."

"त्याला का नाही?"

"तो आत येत नाही."

"म्हणजे," मामा सावकाश म्हणाला, "मामाला मामा बनवलंत."

साउंडवाल्याला हसू आलं. त्याचं नशीबच खोटं. लगेच तोंडावर हात धरून तो म्हणाला, "माफ करा." तोवर भाचा मागे येऊन उभा राहिला होता. उजव्या बाजूला. आता मामाच्या लक्षात आलं की कित्येक महिने भाचा उजव्याच बाजूला येऊन उभा राहतो.

"मी सांगणार होतो," भाचा म्हणाला.

"कधी?"

"वही भरल्यावर."

"थट्टा नको."

"थट्टा नाही करत. तू शून्य लिहायचास आणि बसमध्ये झोपायचास. आधी झोपायचा नाहीस." भाच्याने अर्धं सफरचंद फळीवर ठेवलं, साउंडवाल्याने ते निमूटपणे बटणांपासून लांब केलं. "आईने शपथ घातलीय. मामाला खाली उतरवायचं नाही म्हणून."

"उतरवलं नाहीस. बंद केलंस."

"मग काय करायला हवं होतं?"

"सांगायचं."

"सांगितलं असतं तर तू स्वतःच उतरला असतास. मग आईला काय तोंड दाखवू?"

ताईला तोंड दाखवणं मामालाही कधी सोपं गेलं नव्हतं.

"दाराचा तुकडा ऐक," तो म्हणाला. "खराखुरा. तीन मिनिटं. मग बोल."

भाच्याने साउंडवाल्याकडे पाहून मान हलवली. मामा बत्तीस रांगा परत चालत गेला, चढला आणि वाजवला. या वेळी दार दारासारखं वाजलं. मामाला ते सुरेख वाटलं. शेवटची करकर हॉलभर फिरून छतात विरली तेव्हा त्याला क्षणभर असंही वाटलं, की आता सगळं सरळ होईल, लोक हसतील, बाई कलम खोडतील.

भाचा मंचापाशी आला. हळू बोलला, म्हणून मामाला वाकावं लागलं.

"तीनला येतोस, मामा."

"काय?"

"चारला यायच्या जागी तीनला येतोस. दर वेळी नाही. पण येतोस."

मामाने वाद घातला नाही. तीनला तोंड उघडणाऱ्याला खोलीबाहेर काढायचा नियम त्याचाच होता. "कानामुळे," तो म्हणाला. "डाव्या कानाने ऐकून सोडतो ना मी. कान बदलला की जमेल."

भाचा नुसता म्हणाला, "बदलून बघ." तो मनाने वाईट नव्हता, हे इथे लिहून ठेवायला हवं.

त्या संध्याकाळी हॉल भरला होता. मामाने हेडफोन उजव्या कानावर लावला. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा. मान उलट बाजूला कलवायची सवय नव्हती, आखडल्यासारखं झालं. बाहेर रेकॉर्डिंग वाजणार होतं, चार हजार लोक तेच ऐकणार होते. पण या कानात खरं येणार होतं, फक्त त्याच्यासाठी. चूक कानाची असेल तर आज कळेल. चार गाणी साफ गेली तर भाच्यासमोर वही धरता येईल. या वेळची, खऱ्या आकड्यांची.

पहिलं गाणं सुरू झालं आणि मामाला स्वतःचा हात ऐकू आला.

कान चांगला होता. बारीकसारीक सगळं पोहोचवत होता. बोट सरकल्याची खरखर, सुई पडल्याचा ठिपका, आणि तीनला येणारा हात. चारची वाट बघून, श्वास धरून, मनगट आवळून मामाने तबकडी सोडली, तरी ती तीनला गेली. पुढच्या वेळी मुद्दाम थांबला, तर पाचला. दोष कानाचा नव्हता. कान बदलला होता, हात तोच होता. पहिल्या गाण्यात सहा. दुसऱ्यात नऊ. लोक हात वर करून नाचत होते, भाचा पुढून ओरडत होता, "मामासाठी आवाज येऊ द्या," आणि आवाज येत होता. आपला भाग आला तेव्हा मामा ट्रम्पेटच्या तबकडीवर हात चालवत होता आणि मोजत होता. एकतीसपर्यंत मोजलं.

मग त्याने हेडफोन उजव्या कानावरून काढला आणि डाव्या कानावर ठेवला. सगळं मऊ झालं. पायाशी ठेवलेल्या स्पीकरमधून त्याच्या एका चांगल्या दिवसाचा ट्रम्पेट येत होता. त्याने मान जुन्या बाजूला कलवली आणि त्या दिवसाच्या मागोमाग हात हलवत राहिला.

कार्यक्रमानंतर बाई बोळात कागद घेऊन उभ्या होत्या. तिथे टेबल नव्हतं. मामाने खिशातून वही काढली, कागदाखाली धरली आणि दोन्ही ठिकाणी सही केली. पेन जोरात दाबलं गेलं असावं. पुठ्ठ्यावर त्याच्या नावाचा वळ उमटला. पोस्टरचं त्याने विचारलं नाही. बाईंनीच सांगितलं, "बारीक अक्षरात घालू या नाव. बोलते मी."

"राहू द्या," मामा म्हणाला.

बसमध्ये ड्रायव्हर म्हणाला, "काय मामा, आज किती?" तो रोज विचारायचा. कार्यक्रम त्याने कधी ऐकला नव्हता, पण आकडा त्याला आवडायचा.

"शून्य."

"बावीस झाली म्हणजे."

"बावीस," मामा म्हणाला आणि खिडकीशी जाऊन बसला. वही त्याने उघडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, नव्या गावच्या हॉटेलात, छोटं टर्नटेबल पेटीतच होतं. मामीचा फोन आला.

"आज सुतारकाम नाही?"

"नाही."

"बरं नाही का?"

"बरा आहे. काम झालं."

"आणि सही?"

"झाली. तीन वर्षं."

पलीकडून मामीचा सुटकेचा श्वास ऐकू आला, आणि तिच्या आवाजात कौतुक होतं, जे ती सहसा दाखवत नसे. "बघ, मी ताईंना म्हटलंच होतं. या वयात एवढा हात साफ कुणाचा राहतो? त्या म्हणत होत्या, पोरगा उगाच मामाला सांभाळून घेतो की काय. मी म्हटलं, मुळीच नाही, वहीत बघा हवं तर."

ती पुढेही बोलत होती. मामाने फोन उजव्या कानावरून काढला आणि डाव्या कानाला लावला.